चिठ्ठीचा ताळा कोण करणार?

बारावीचा निकाल लागला की आमच्या दाराची बेल जरा जास्त वाजते. पंधरा वर्षं मी औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काउंटरमागे उभी राहिले, आता डी.फार्म.च्या, म्हणजे फार्मसीच्या पदविकेच्या, मुलांना शिकवते. त्यामुळे ओळखीपाळखीतले पालक विचारायला येतात. यंदा शेजारच्या गावचे एक काका आले. बसल्याबसल्या म्हणाले, "मॅडम, पोरीला फार्मसीला घालू का? आता म्हणे मोबाइलवर बोट ठेवलं की दहा मिनिटांत गोळ्या दारात. मेडिकलवाल्यांचं काय राहणार मग? आणि खरं सांगू का, कप्प्यातून गोळी काढून द्यायला दोन वर्षं शिकायचं कशाला?"

प्रश्न रास्त होता. शेवटचा तर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण बहुतेक लोकांना फार्मासिस्टचं काम तेवढंच दिसतं. काकांना मी तासभर जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

मेडिकलवाला आणि फार्मासिस्ट एकच का?

नाही. दुकानाचा मालक कुणीही असू शकतो. दुकानाला परवाना लागतो आणि तो राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध हातात देण्याचं काम फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टनेच करायचं, असं १९४८ च्या फार्मसी कायद्याचं ४२ वं कलम सांगतं. नोंदणीकृत म्हणजे फार्मसीचं शिक्षण पूर्ण करून राज्याच्या फार्मसी कौन्सिलच्या नोंदवहीत नाव असलेला.

ट्रकचं उदाहरण घ्या. ट्रक कुणाच्याही मालकीचा असो, स्टिअरिंगवर लायसन्सवालाच बसला पाहिजे. आता असा ट्रक डोळ्यांसमोर आणा, ज्याच्या केबिनमध्ये ड्रायव्हरचं लायसन्स फ्रेम करून टांगलंय, ड्रायव्हर मात्र घरी आहे आणि गाडी क्लीनर चालवतोय. त्या ट्रकच्या पुढे-मागे आपण आपली दुचाकी नेऊ का? औषधाच्या अनेक दुकानांत वर्षानुवर्षं नेमकं हेच चालत आलं. महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन सर्टिफिकेट भाड्याने द्यायचं आणि स्वतः दुसरीच नोकरी करायची. २०१२ च्या सुमारास राज्याचे तेव्हाचे अन्न व औषध आयुक्त महेश झगडे यांनी 'दुकान उघडं तर फार्मासिस्ट हजर' हा नियम कडकपणे राबवायला घेतला. तेव्हा दुकानदारांनी बंद पुकारले. त्या काळात मी काउंटरवरच होते. बंदच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या, पण फार्मासिस्ट हजर असल्याने रुग्णाला काय मिळतं, हे लोकांना कुणी सांगितलंच नाही. ती रुखरुख मला अजून आहे.

खलबत्त्यापासून स्ट्रिपपर्यंत

तुमच्या घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर त्यांना कंपाउंडरबद्दल विचारा. डॉक्टर आत तपासायचे, बाहेर कंपाउंडर खलात औषध घोटायचा, पुड्या बांधायचा, बाटलीत लालसर मिक्श्चर भरायचा. बाटलीला कडेने कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेली असे. एक खाच म्हणजे एक डोस. औषध बनवणं आणि ते देणं, दोन्ही कामं एकाच हाताने व्हायची. ते हात बहुधा अनुभवातून शिकलेले असत, शिक्षणातून नव्हे.

१९३०-३१ मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने देशातल्या औषधांच्या कारभाराची पाहणी केली. भेसळीला आळा घालणारे कायदे आणि शिकलेले फार्मासिस्ट, या दोन्हींची गरज तिने मांडली. १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी फार्मसीचं विद्यापीठीय शिक्षण सुरू केलं. पुढे १९४० चा औषध कायदा आला आणि १९४८ चा फार्मसी कायदा आला.

मग कारखाने आले. गोळी कारखान्यात बनायला लागली, मापून, सीलबंद होऊन स्ट्रिपमध्ये यायला लागली. हे रुग्णाच्या भल्याचंच झालं. पण फार्मासिस्टच्या हातातलं, लोकांना दिसणारं काम त्याबरोबर गेलं. खल गेला, तराजू गेला, उरली फक्त मांडणी. औषधाचं दुकान बाहेरून किराणा दुकानासारखं दिसायला लागलं आणि फार्मासिस्ट वाण्यासारखा. काकांचा 'कप्प्यातून गोळी काढून द्यायला शिकायचं कशाला' हा प्रश्न तिथून आला आहे.

मग काउंटरमागे नेमकं काम काय असतं?

शाळेत गणित सोडवल्यावर बाई म्हणायच्या, "ताळा करून बघा." उत्तर बरोबर आहे की नाही हे उलट बाजूने तपासायचं. फार्मासिस्ट चिठ्ठीचा ताळा करतो. डॉक्टरांनी रोगाकडून औषधाकडे जात चिठ्ठी लिहिलेली असते. फार्मासिस्ट औषधाकडून माणसाकडे येत ती पडताळतो. हे औषध, या मात्रेत, या वयाच्या माणसाला, त्याच्या आधीच्या गोळ्यांसोबत चालेल का? आणि घरी गेल्यावर तो ते नीट घेईल का?

एक उदाहरण मी कधी विसरणार नाही. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आहे. ती संधिवातात देतात, पण रोज नव्हे, आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी तयार होणं मंदावतं, जीवही जाऊ शकतो. एक आजी चिठ्ठी घेऊन आल्या होत्या. अक्षर असं, की आठवड्याची खूण रोजच्यासारखीच वाचता येत होती. मी आजींना विचारलं, "कधी घ्यायला सांगितलीय?" त्या म्हणाल्या, "सकाळी जेवण झालं की एक." मी डॉक्टरांना फोन लावला. ते लगेच म्हणाले, "नाही नाही, फक्त रविवारी." मी पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'फक्त रविवारी' लिहिलं, चारच गोळ्या दिल्या आणि आजींच्या सुनेला बोलावून पुन्हा समजावलं. या सगळ्याला सात-आठ मिनिटं लागली. मागे रांगेतली माणसं चुळबुळत होती. बिल झालं होतं शंभराच्याही आत.

रोजच्या साध्या गोष्टी याहून कितीतरी जास्त. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते. पण अनेक बायका ती कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतात. कॅल्शियम तिला आतड्यातच अडवून ठेवतं. दोन्हींत निदान चार तासांचं अंतर लागतं. ते न सांगितल्यामुळे तपासणीत थायरॉइड बिघडलेलाच दिसतो आणि डोस वाढत जातो. लोहाची गोळी चहासोबत घेतली की तिचा बराचसा भाग वाया जातो. दम्याचा पंप बरेच जण नुसता तोंडात फवारतात, औषध छातीत पोचतच नाही. इन्शुलिन कुणी फ्रीझरमध्ये ठेवतं. एकदा गोठलं की ते निकामी. तापाला पॅरासिटामॉल, सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या गोळीतही पॅरासिटामॉल. तीन वेगळ्या नावांच्या गोळ्या घेणाऱ्याला आपण एकच औषध तिप्पट घेतोय हे कळत नाही. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही त्याची वरची मर्यादा. त्यापलीकडे यकृताला धोका.

हे सांगणं फार्मासिस्टच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही. भारतीय फार्मसी कौन्सिलने २०१५ मध्ये फार्मसी व्यवसायाचे जे नियम लागू केले, त्यांत रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. औषध कशाचं, किती, कसं, किती दिवस, कोणते त्रास होऊ शकतात, कसं साठवायचं, एखादा डोस चुकला तर काय करायचं, हे सगळं त्यात आहे. नियम चांगला आहे. तो पाळणारं दुकान शेवटचं कधी पाहिलं, हे वाचकांनी आठवून पाहावं.

"पण डॉक्टरांनी सांगितलंच आहे की सगळं!"

काही डॉक्टर खरोखर सांगतात. पण सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला किती वेळ येतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. शिवाय आजाराचं नाव ऐकून घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात दवाखान्यात सांगितलेलं अर्धंच राहतं. आणि एकाच माणसाचे डॉक्टर तीन असतात. गुडघ्याचे वेगळे, हृदयाचे वेगळे, साखरेचे वेगळे. हृदयाच्या डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी दिलेली असते, गुडघ्याचे डॉक्टर वेदनाशामक लिहितात. दोन्ही एकत्र घेतल्या तर पोटात रक्तस्राव व्हायची भीती वाढते. या तिन्ही चिठ्ठ्या एकाच माणसासमोर येण्याची जागा गावात एकच, ती म्हणजे नेहमीचं मेडिकल.

फार्मासिस्टच्या हातात काय नाही, हेही सांगायला हवं, कारण लोकांचा राग इथे चुकीच्या माणसावर निघतो. 'हेच औषध दुसऱ्या स्वस्त कंपनीचं द्या' असं तुम्ही म्हणता. पण शेड्युल एच, म्हणजे केवळ चिठ्ठीवरच विकायच्या औषधांची जी सरकारी यादी आहे, त्यातल्या औषधाच्या बदल्यात दुसरं काही द्यायला कायद्याने मनाई आहे. आतलं औषध तेच असलं तरी. डॉक्टरांनी कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहिलं, तर हा अडसर राहत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मूळ नावानेच औषध लिहा असा नियम काढला होता. त्याच महिन्यात तो स्थगित झाला. त्यामुळे जनऔषधी केंद्रांत, म्हणजे मूळ नावाची स्वस्त औषधं मिळणाऱ्या सरकारी योजनेच्या दुकानांत, जाणाऱ्यांनी डॉक्टरांकडूनच मूळ नाव लिहून घ्यावं. ही केंद्रं २००८ मध्ये सुरू झाली, आज देशभर पंधरा हजारांच्या वर आहेत.

चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं

हे अगदी खरं आहे. "दोनच अँटिबायोटिक द्या, घसा धरलाय" असं म्हणणाऱ्याला चिठ्ठी विचारली, तर तो शेजारच्या दुकानात जातो आणि तिथे त्याला मिळतं. म्हणून मार्च २०१४ पासून शेड्युल एच-१ ही आणखी कडक यादी लागू झाली. काही अँटिबायोटिक, क्षयरोगाची औषधं आणि सवय लावणाऱ्या गोळ्या तिच्यात आहेत. यांची विक्री वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायची, डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव, औषध, संख्या, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. केरळने २०२४ मध्ये 'ऑपरेशन अमृत' या नावाने चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर अचानक तपासण्या सुरू केल्या. सगळ्या दुकानांना एकच नियम एकाच वेळी लावला तरच प्रामाणिक दुकानदार टिकतो, हे त्यातून मला पटलं.

सिरपच्या बाटलीतच विष असेल, तर फार्मासिस्टला कळतं का?

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक मुलं दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार चालले होते. तामिळनाडूत बनलेल्या त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचं रसायन होतं. तिथल्या सरकारी तपासणीत ते ४८.६ टक्के निघालं. चालण्याजोगी मर्यादा ०.१ टक्का. त्याने मूत्रपिंडं बंद पडतात.

मुंबईकरांनी हे आधी भोगलंय. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेलं ग्लिसरीन दिल्याने १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली.

उत्तर स्पष्टच द्यायला हवं. असं विष काउंटरवर डोळ्यांना दिसत नाही, वासाने कळत नाही. ते कारखान्यातल्या तपासणीत अडायला हवं. तिथेही फार्मसी शिकलेलीच माणसं असतात, आणि औषध निरीक्षकही याच शिक्षणातून येतात. म्हणजे जबाबदारी या पेशाचीच आहे, फक्त जागा वेगळी.

पण काउंटरवर एक गोष्ट करता आली असती, आणि ती मला राहून राहून आठवते. त्या सिरपमध्ये क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन ही औषधं होती. या दोन औषधांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिलेले होते. लहान मुलाचं सर्दीचं औषध मागणाऱ्या प्रत्येकाला 'बाळ केवढं आहे?' हा प्रश्न विचारायची सवय काउंटरला असती, तर काही बाटल्या तरी कपाटातच राहिल्या असत्या. आणि औषध सुरू झाल्यावर लघवी कमी झाली, उलट्या लागल्या, असं एकाच औषधाबाबत दोन-तीन पालकांनी येऊन सांगितलं, तर ते वर कळवायचीही सोय आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालतो. त्याचा नि:शुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४. तिथे फार्मासिस्ट कळवू शकतो, तुम्हीही कळवू शकता.

दहा मिनिटांत गोळी आली तर बिघडलं कुठे?

औषध विक्रेत्यांच्या देशव्यापी संघटनेने ऑनलाइन विक्रीच्या विरोधात १४ ऑक्टोबर २०१५, ३० मे २०१७ आणि २८ सप्टेंबर २०१८ असे तीन बंद केले. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राने ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा काढला, पण त्यातून पक्के नियम काही आले नाहीत. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे घरपोच औषधं द्यायला परवानगी मिळाली. त्या काळात तिने फार मोठी मदत केली, हे मी स्वतः पाहिलंय. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना, किंवा मुलं पुण्यात-परदेशात आणि आईवडील गावी, अशा घरांना घरपोच औषध हवंच.

माझा आक्षेप घरपोच औषध आणणाऱ्या मोटारसायकलीला नाही. ताळा कुणी केला, एवढंच मला विचारायचं आहे. पॅकेट भरण्यापूर्वी एखाद्या फार्मासिस्टने चिठ्ठी खरोखर वाचली का? चिठ्ठी मागची, जुनी, संपलेली तर नाही? कायद्याने डॉक्टरांनी पुन्हा घ्यायला लिहिल्याशिवाय एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं असतं. तीच चिठ्ठी पाच ॲपवर पाच वेळा चढवली तर कुणाला कळणार? पण कोपऱ्यावरच्या ज्या दुकानात फार्मासिस्ट फक्त फ्रेममध्ये आहे, त्यालाही हेच विचारायला हवं. ॲपला विरोध करणाऱ्या दुकानदाराने आधी आपल्या काउंटरवर फार्मासिस्ट उभा केला असता, तर त्याची बाजू शतपटीने भक्कम झाली असती.

यंत्रं आणि एआय काम खाणार का?

एक भाग खाणारच. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात २०११ पासून यंत्रमानव गोळ्या निवडून, मोजून, बारकोड लावून पाकिटं तयार करतात. आपल्याकडेही ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक झालंय. त्यातून बॅच, मुदत आणि उत्पादक कळतो. मोजणं, शोधणं, मुदत पाहणं, साठा लिहिणं, ही कामं यंत्राने केलेली बरीच. चुका कमी होतात. दोन औषधांचं आपसात जमत नाही, हेही संगणक क्षणात सांगतो.

मात्र संगणक सगळ्यालाच इशारा देतो. क्षुल्लक आणि गंभीर, दोन्हींवर लाल खूण. त्यातली कुठली या माणसाबाबत खरी, हे ठरवायला माहिती लागते, आणि ती समोरच्याशी बोलूनच मिळते. एखाद्या आजींना वाचता येत नाही, त्या रंगावरून गोळी ओळखतात, आणि या महिन्यात कंपनी बदलल्याने रंग बदललाय. कुणा आजोबांनी पैशांअभावी रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड करून टाकलीय, डॉक्टरांना सांगायला लाजतात. हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

मग अडलंय कुठे? पैशांत

या लेखातला हा भाग मला सगळ्यात तळमळीने सांगायचा आहे.

दुकानाला पैसे कशाचे मिळतात? विकलेल्या मालाचे. सरकारने किंमत बांधून दिलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरलेला आहे. इतर औषधांवर व्यापारात साधारण २० टक्क्यांची रूढी आहे. आता मघाच्या आजींचा हिशोब पाहा. शंभराच्या आतलं बिल, म्हणजे दुकानाला सुटले पंधरा-वीस रुपये. त्यात भाडं, वीज, फ्रिज, पगार. आणि फार्मासिस्टने घालवली सात-आठ मिनिटं. त्या वेळात दुसऱ्या खिडकीवर चार बिलं निघाली असती.

उलट फार्मासिस्ट जितका चांगला, तितका दुकानाचा तोटा. 'या सर्दीला अँटिबायोटिकची गरज नाही' असं तो सांगतो, विक्री गेली. 'या दोन गोळ्यांत एकच औषध आहे, एक बंद करायचं का, डॉक्टरांना विचारा' म्हणतो, विक्री गेली. स्वस्त पर्याय सुचवतो, तर टक्का तोच पण रक्कम कमी. शिक्षकाला पगार मुलांना शिकवण्याचा न देता वह्या विकल्याच्या टक्क्यावर दिला, तर काय होईल? तो वह्याच विकेल. फार्मासिस्टचं आपण तेच करून ठेवलंय. आणि त्याचा पगार? लहान गावातल्या दुकानांत नव्या डी.फार्म.ला मिळणारा पगार ऐकून मला आजही वाईट वाटतं. म्हणूनच सर्टिफिकेट भाड्याने देण्याचा मोह होतो. मी त्याचं समर्थन करत नाही, पण त्याचं मूळ इथे आहे.

इंग्लंडने या गाठीला हात घातला. ३१ जानेवारी २०२४ पासून तिथे 'फार्मसी फर्स्ट' योजना सुरू आहे. घसा दुखणं, कान दुखणं, सायनसचा त्रास, बायकांना होणारा मूत्रमार्गाचा साधा संसर्ग, नागीण, किडा चावून झालेला संसर्ग आणि त्वचेवरचे संसर्गाचे फोड, या सात तक्रारींसाठी रुग्ण थेट फार्मासिस्टकडे जातो. फार्मासिस्ट ठरलेल्या नियमावलीप्रमाणे तपासतो, गरज असली तर औषध देतो, नसली तर घरी पाठवतो. आणि सल्ल्याचे पैसे सरकारी आरोग्यसेवा दुकानाला देते. औषध दिलं नाही तरी सल्ल्याचे पैसे मिळतात, हा त्यातला मोलाचा भाग. पेट्या विकूनच जगणाऱ्या दुकानांचं काय होतं, ते अमेरिकेत दिसतंय. तिथल्या मोठमोठ्या औषध साखळ्या शेकड्यांनी दुकानं बंद करत आहेत.

म्हणजे फार्मासिस्टने छोटा डॉक्टर व्हायचं का?

डॉक्टर मंडळींचा हा आक्षेप मला मान्य आहे. आपल्याकडे आधीच बोगस डॉक्टरांचा सुळसुळाट आहे, त्यात भर नको. इंग्लंडमध्ये फार्मासिस्टला रुग्णाची नोंद पाहता येते, नियमावली पक्की असते, आणि २०२६ पासून नव्याने नोंद होणारे फार्मासिस्ट औषध लिहून देण्याचं प्रशिक्षण घेऊनच बाहेर पडतात. आपल्याकडे यांतलं काहीच नाही. आज दुकानातून निदान करून औषध देणं बेकायदा आहे आणि ते तसंच असावं.

पण निदान झाल्यानंतरची मधली जागा रिकामी पडली आहे. दोन भेटींच्या मधे रक्तदाब आणि साखर मोजून लिहून ठेवणं, पंप नीट ओढला जातो का ते पाहणं, गोळ्या संपायच्या आत आठवण करणं. क्षयरोगात तर याचा पाया घातलेलाच आहे. मार्च २०१८ पासून क्षयाची औषधं घेणाऱ्या रुग्णाची माहिती सरकारला कळवणं औषध दुकानांनाही बंधनकारक आहे. एखादा रुग्ण दुसऱ्या महिन्यात औषध न्यायला आलाच नाही, हे सर्वांत आधी मेडिकलला कळतं. त्या एका फोनचे पैसे दुकानाला द्यायला सरकारने सुरुवात केली, तर पेशाचं रूप बदलेल, असं मला मनापासून वाटतं.

मुलीला घालू का?

काकांना मी आधी बाकीच्या वाटा सांगितल्या. डी.फार्म. दोन वर्षांचं, बी.फार्म. म्हणजे पदवी चार वर्षांची, आणि २००८ पासून सुरू झालेलं फार्म.डी. सहा वर्षांचं, ज्यात शेवटचं वर्ष रुग्णालयात जातं. सरकारी दवाखान्यात औषध निर्माण अधिकारी होता येतं. पदवीनंतर परीक्षा देऊन औषध निरीक्षक होता येतं. कारखान्यात गुणवत्ता तपासणीची कामं आहेत, पुण्या-मुंबईत औषधांच्या दुष्परिणामांचे अहवाल तपासण्याची कार्यालयं आहेत, मोठ्या रुग्णालयांत वॉर्डावर फिरणारे फार्मासिस्ट हळूहळू दिसायला लागलेत. अमेरिकेचं स्वप्न असेल तर एक गोष्ट आधीच माहीत हवी. २००३ पासून पदवी घेणाऱ्यांना तिथल्या परवान्यासाठी किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, आपली चार वर्षांची बी.फार्म. त्यात बसत नाही.

मग कॉलेजांबद्दल सावध केलं. नवी कॉलेजं काढण्यावर फार्मसी कौन्सिलने २०१९ मध्ये घातलेली पाच वर्षांची बंदी सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही, आणि त्यानंतर कॉलेजं भराभर उघडली. डी.फार्म. झाल्यावर नोंदणीआधी द्यायची वेगळी परीक्षाही २०२२ च्या नियमांनी आणली आहे. वर्षभर वर्गात न बसता पास करून देणारं कॉलेज तिथे कामाला येत नाही.

"कॉलेज बघायला गेलात की इमारत बघू नका," मी म्हणाले. "एकच विचारा. डी.फार्म.मध्ये ५०० तासांचं प्रशिक्षण असतं, त्यातले २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवर औषध देण्यात घालवायचे असतात. ते तुमची मुलं कुठे करतात?"

दहा-बारा दिवसांनी काकांचा फोन आला. तीन कॉलेजं पाहिली होती. पहिल्या ठिकाणी म्हणाले, त्याची काळजी करू नका, सह्या मिळून जातात. दुसऱ्या ठिकाणी तर फीचा तक्ताच पुढे केला. तिसऱ्या ठिकाणच्या सरांनी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाचं नाव सांगितलं आणि म्हणाले, उद्या सकाळी नऊला या, आमच्या मुली खिडकीवर असतात, बघा. काका मुलीला घेऊन गेले. दोघं तासभर खिडकीजवळ उभी राहिली.

"तिथंच घातली," काका म्हणाले. "पोरगी म्हणाली, त्या खिडकीवरची मुलगी प्रत्येकाला विचारत होती, घरी गोळ्या कोण देतं तुम्हाला?"